सुभेदारांची शिकवणी : बाबासाहेब इंग्रजी कसे शिकले

दरवर्षी जून महिन्यात आमच्या शाळेच्या कार्यालयापुढील ओट्यावर पालकांची गर्दी होते. अकलूज गावातून, माळशिरस तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून, नीरेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून ही मंडळी मुलांना घेऊन येतात. कोणी ऊसतोडीवर जाणारे, कोणी वीटभट्टीवरचे, कोणी साखर कारखान्यात हंगामी कामाला, तर कोणी दुसऱ्याच्या रानात रोजंदारीने राबणारे. जेवणाची सोय, अंथरूण-पांघरूण, गणवेश, सुट्ट्यांचे वेळापत्रक हे सारे विचारून झाले की निघताना एखादी आई किंवा एखादे आजोबा आवाज किंचित उतरवून आणखी एक गोष्ट विचारतात. आपल्या पोराला इंग्रजी येईल की नाही, एवढाच तो प्रश्न असतो. आवाज उतरतो तो संकोचाने. घरात कोणाला इंग्रजीचे अक्षर येत नाही, मग मुलाला ते कुठून येणार, ही धास्ती त्या संकोचामागे असते.

या प्रश्नाला आम्ही आजवर धीराचे दोन शब्द सांगून उत्तर देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर जरा सविस्तर आणि प्रामाणिकपणे द्यावे असे आम्हाला वाटले. त्यासाठी आम्ही एका चरित्राचा आधार घेत आहोत. ते चरित्र आमच्या वाचकांना पाठ आहे. जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनी आपण ते सांगतो आणि ऐकतो. परंतु त्यातला एक धागा आपण सहसा उलगडून पाहत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंग्रजी शिकले कसे, हा तो धागा होय.

सभागृहातील तसबिरीत बाबासाहेब कोट-टाय घालून उभे आहेत. हाती ग्रंथ आहे. मुले ती तसबीर रोज पाहतात आणि त्यांना वाटते की हा महापुरुष इंग्रजी घेऊनच जन्माला आला असावा. आपण मोठी माणसेही भाषणांतून त्यांच्या अलौकिक बुद्धीचा गौरव करतो आणि तेथेच थांबतो. यात नकळत एक अन्याय घडतो. त्या बुद्धीमागचे कष्ट झाकले जातात आणि ऐकणाऱ्या मुलाला वाटते की हे आपल्यासारख्याचे काम नव्हे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. मात्र त्यांची खरी ओळख शिक्षकाची होती. लष्करी शाळेत त्यांनी १४ वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्या काळी कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण मिळत असे. गावच्या शाळेचा दरवाजा ज्यांना बंद होता, त्यांना पलटणीच्या शाळेत अक्षर गिरवता आले. रामजींचे मराठी चांगले होते, इंग्रजीही चांगले होते. कबीरपंथाची दीक्षा घेतलेल्या या गृहस्थांच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, संतांचे अभंग म्हटले जात, जुन्या मराठी कवींच्या रचना वाचल्या जात. मुलांनी त्या ऐकायच्या आणि म्हणायच्याही, असा घरचा दंडक होता. बाबासाहेबांच्या इंग्रजीची गोष्ट सांगताना प्रथम हे मराठीचे वळण ध्यानी घ्यावे लागते. एका भाषेची गोडी ज्याला लागली, ज्याच्या कानावर चांगली वाक्ये रोज पडली, त्याला दुसरी भाषा शिकताना वाक्य म्हणजे काय हे नव्याने शिकावे लागत नाही.

सेवानिवृत्तीनंतर सुभेदारांचे बिऱ्हाड प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास गेले. साताऱ्यातच आई भीमाबाईंचे निधन झाले. लहानग्या भिवाचे संगोपन आत्या मीराबाईंनी केले. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले. रजिस्टरमधील क्रमांक होता १९१४ आणि इयत्ता होती इंग्रजी पहिली. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि सायंकाळी परत आणावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच पिता येई; शिपाई नसला तर पाणी नाही. इंग्रजीची मुळाक्षरे त्यांनी या गोणपाटावर बसून गिरवली. वर्गात त्यांना जागा होती, पण सोबत नव्हती. भाषा तर माणसामाणसांत बोलून वाढते. मग ज्याच्याशी वर्ग बोलत नाही, त्याची भाषा वाढावी कशी? याचे उत्तर त्यांना घरी मिळाले.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. गिरणी कामगारांची ती वस्ती होती. एकाच खोलीत चूल, सरपण, भांडी आणि माणसे. मुलाला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नव्हता. सुभेदारांनी त्यावर तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग त्याला उठवावे आणि आपण त्या जागी आडवे व्हावे. घर निजलेले असताना उशाशी जाते आणि पायाशी शेळी अशा त्या खोलीत बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्यावर भीमराव पहाटेपर्यंत वाचत बसत. आज आमच्या मुलांना अभ्यासिकेत विजेचा दिवा आहे, डोक्यावर पंखा आहे. तरी ही जागेची अडचण त्यांना परकी नाही. सुट्टीत घरी गेल्यावर एका खोलीत पाच माणसांत पुस्तक उघडणे म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

भीमराव मुंबईत प्रथम मराठा हायस्कूलात व नंतर एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकले. याच काळात सुभेदारांनी त्यांच्या इंग्रजीकडे जातीने लक्ष दिले. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग करून घेतले. त्या पाठमाला त्या पिढीच्या घराघरांत होत्या; तर्खडकर झाले की इंग्रजी आले अशी समजूतच रूढ होती. त्या पाठमालेत मराठी वाक्ये दिलेली असत आणि त्यांचे इंग्रजी करायचे असे. पुढे इंग्रजी वाक्ये असत आणि त्यांचे मराठी करायचे असे. सोप्याकडून अवघडाकडे, लहान वाक्याकडून मोठ्याकडे अशी ती चढण होती. सुभेदारांची कसोटी मात्र पुस्तकाहून कडक होती. मराठी शब्दाला, मराठी वाक्प्रचाराला नेमका कोणता इंग्रजी शब्द बसतो, याचा ते शोध घ्यायला लावीत. जवळपास जाणारा शब्द त्यांना चालत नसे. नेमक्या शब्दाची ही सवय आपल्याला वडिलांनी लावली, हे ऋण बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी मोकळेपणाने मान्य केले आहे.

ही पद्धत जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. समजा, हात दाखवून अवलक्षण ही म्हण मुलापुढे ठेवली. तिचा शब्दाला शब्द ठेवून तर्जुमा केला तर इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही. तेव्हा मुलाला आधी विचार करावा लागतो, की ही म्हण म्हणते काय? आपल्याच कृतीने आपण आपली फजिती करून घेतली, एवढे त्याने साध्या मराठीत सांगितले की मग इंग्रजीचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे एका भाषांतरात तीन कामे होतात. मराठी नीट कळते, विचार स्वच्छ होतो आणि त्यानंतर इंग्रजी वाक्य तयार होते. ज्याला आपले म्हणणे मराठीत सुटे करून सांगता येत नाही, त्याची इंग्रजीत जी अडखळ होते, ती पुष्कळदा इंग्रजीची नसतेच.

येथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही उच्चारायचा नाही, असा नियम आम्ही उत्साहाच्या भरात केला होता. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की आठ-दहा धीट मुले पाठ केलेली वाक्ये बोलू लागली आणि उरलेला वर्ग गप्प झाला. ज्या मुलांना शंका होती, त्यांना ती विचारण्यासाठी भाषाच उरली नाही. वर्षअखेरीस वह्या पाहिल्या तेव्हा आमच्या ध्यानी आले, की मार्गदर्शकातील निबंध मुलांनी सुंदर अक्षरात उतरवले आहेत, परंतु त्यांच्या स्वतःच्या चार ओळी कोठेही नाहीत. तो नियम आम्ही मागे घेतला. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आम्ही नव्याने पाहू लागलो ते त्यानंतर.

सुभेदारांचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. भीमरावांना क्रमिक पुस्तकांपलीकडे वाचायची ओढ होती. अभ्यास सोडून इतर पुस्तके वाचणे वडिलांना प्रारंभी फारसे रुचत नसे. तरी मुलाने पुस्तक मागितले आणि ते मिळाले नाही, असे त्यांनी होऊ दिले नाही. पेन्शन तुटपुंजे होते. हाती पैसे नसत तेव्हा ते मुंबईत सासरी असलेल्या आपल्या लेकीकडे जात. तिच्याकडे रोख नसली तर तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत, पुस्तक विकत घेत आणि पेन्शन आले की दागिना सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या इंग्रजीत त्यांच्या बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा आहे, हे आमच्या मुलींना आम्ही आवर्जून सांगतो. आणि त्यासोबत हेही सांगतो की त्या बहिणींना स्वतःला असे शिक्षण लाभले नाही. तुम्हाला ते लाभले आहे.

हायस्कूलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. जातीच्या कारणाने ते नाकारले गेले आणि नाइलाजाने पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचे अध्ययन स्वतःच्या कष्टाने केले. शाळेने एका भाषेचा दरवाजा बंद केला म्हणून त्यांनी ती भाषा सोडली नाही, आणि जी भाषा पदरात पडली तिच्याकडे दुर्लक्षही केले नाही. पर्शियनमध्ये त्यांनी उत्तम प्रगती केली.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी गुण मिळाले २८२. ही संख्या आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले चकित होतात. आजच्या टक्केवारीच्या हिशेबात ती ३८ टक्क्यांच्या आतच येते. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा कठीण असे, हे खरे. तरीही हा आकडा त्यांच्या पुढील विद्वत्तेची चाहूल देणारा नव्हता. ज्या माणसाने पुढे जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या, त्याची शालान्त परीक्षा अशी साधीच पार पडली. एका परीक्षेच्या गुणांवरून मुलाच्या भाषेचे भविष्य ठरवण्याची घाई आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी करू नये, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

मॅट्रिकच्या यशाबद्दल मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना आपण लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. केळुसकर गुरुजींची व त्यांची ओळख चर्नी रोडजवळील बागेत झाली होती. हा मुलगा रोज येथे येऊन वाचत बसतो, हे पाहून गुरुजींनी आपण होऊन त्याची चौकशी केली आणि त्याला पुस्तके पुरवायला सुरुवात केली. वडिलांनंतर त्यांना लाभलेला हा दुसरा आधार. आणि भेट मिळालेले ते पुस्तक मराठी होते. तथागतांची वाट त्यांना प्रथम दिसली ती मायबोलीतून, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीच्या बळावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. तेथील प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके देत, प्रसंगी कपडेही देत. बी. ए. झाल्यावर २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. पहाटे दोनला उठवणारा हात गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये, पुन्हा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियात त्यांनी मिळेल तेवढे शिकून घेतले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्यातच फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रमही प्रत्येकी एक घेतला. इंग्रजीत पुरेसे पारंगत झाल्यावर माणूस आता भाषा शिकून झाली असे म्हणून थांबतो. बाबासाहेब थांबले नाहीत. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारख्या थोर अध्यापकांची व्याख्याने त्यांनी ऐकली. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. डबक चाळीतल्या दिव्याजवळ मराठी वाक्याचे इंग्रजी शोधणारा मुलगा, आपल्या समाजाचे दुःख आता जगाच्या विद्वानांपुढे त्यांच्या भाषेत मांडत होता. त्या शब्दांत याचना नव्हती. पुरावा आणि तर्क होता.

लंडनमध्ये त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. सकाळी दार उघडताच आत जायचे आणि बंद होईपर्यंत वाचायचे. पोटाला अपुरे मिळे. रात्री भूक लागली तर एका स्नेह्याने दिलेल्या पापडांवर भागवावे लागे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला, तेव्हा तो परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश राजवटीच्या धोरणावरील त्यातली टीका त्यांना बोचली होती. शिष्यवृत्ती नव्हती, पैसे संपले होते, मुंबईला परतावे लागले. पण बाबासाहेबांनी आपले निष्कर्ष कायम ठेवून मांडणी पुन्हा केली, प्रबंध पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवली. लाल शाईने भरलेली वही परत मिळाली की आमची मुले खट्टू होतात. त्यांना आम्ही ही हकिकत सांगतो. परत आलेला कागद पुन्हा लिहिणे हे शिक्षणातले नेहमीचेच काम आहे. पुन्हा लिहिताना आपले म्हणणे सोडायचे नसते. ते अधिक नीट सांगायचे असते.

एवढे इंग्रजी आले म्हणून मराठी मागे पडली काय? त्यांच्या कार्याच्या तारखाच याचे उत्तर देतात. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी इंग्रजीत साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक निघाले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहून काढीत. १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजीत आपल्या लोकांची कैफियत मांडली. सरकारशी आणि जगाशी इंग्रजीत, आपल्या माणसांशी मराठीत, अशी दोन्ही भाषांची कामे त्यांनी वाटून दिली होती. महाडला, नागपूरला, सोलापूरला त्यांना ऐकायला पायी आलेल्या माणसांना त्यांचा शब्द न् शब्द कळत असे. शिकून मोठा झालेला आपला मुलगा आपल्याशी आपल्या भाषेत बोलेनासा होईल, ही भीती पुष्कळ आईबापांच्या मनात असते. बाबासाहेबांचे चरित्र ती भीती दूर करते.

आता आम्ही आमच्या जिल्ह्याकडे येतो. रामजींसारखे वडील सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. ज्या घरी अक्षरच पोहोचले नव्हते, त्या घरच्या मुलाला पहाटे दोनला उठवून तर्खडकर कोण शिकवणार? बाबासाहेबांनी १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच जानेवारीत, १९२५ मध्ये, या सभेने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, ते सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली, नगरपालिकेने अल्पसे अनुदान दिले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सभेच्या छत्राखाली विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवीत. मुलांनी वाचावे एवढ्यावर न थांबता लिहावेही, हा त्यामागचा विचार उघड आहे. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज त्यांनी उभे केले, त्यांची सुरुवात या लहान लहान वसतिगृहांत आहे.

आम्हाला त्या सोलापूरच्या वसतिगृहाचा अर्थ असा वाटतो. ज्याला घरी शिकवणी नाही, त्याला संस्थेने शिकवणी द्यावी. ज्याच्या घरी दिवा नाही, त्याच्यासाठी संस्थेने दिवा लावावा. वसतिगृह म्हणजे जेवणाखाणाची सोय एवढेच नव्हे. ज्या मुलाला सुभेदार लाभले नाहीत, त्याच्यासाठी सुभेदारांचे काम करणारे ते घर आहे. याच जिल्ह्यात, नीरेकाठी, आमची ही निवासी शाळा त्याच कामासाठी उभी आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धातही बाबासाहेबांचा शब्दांचा ध्यास सुटला नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी ते संविधानाच्या मसुदा समितीवर नेमले गेले आणि पुढील दोन वर्षे एकेका कलमातील एकेका शब्दासाठी त्यांनी सभागृहात उत्तरे दिली. कायद्यात एक शब्द सैल राहिला तर त्याची किंमत दुबळ्या माणसाला मोजावी लागते, हे त्यांना माहीत होते. जवळपास जाणारा शब्द न चालवणाऱ्या सुभेदारांची आठवण आम्हाला येथे झाल्यावाचून राहत नाही. अखेरच्या वर्षांत ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहीत होते. केळुसकर गुरुजींच्या मराठी चरित्रातून जे पहिल्यांदा हाती आले, ते आता इंग्रजीतून जगाला द्यायचे होते. पाली भाषेचा कोशही त्यांनी तयार केला. पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती भाषांत देणारा हा कोश महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केला आहे. एका शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका शब्द शोधायचा, हा डबक चाळीत सुरू झालेला अभ्यास असा अखेरपर्यंत चालला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यानंतर, १९५७ मध्ये, प्रकाशित झाला.

सध्या आमच्या शाळेत रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास भाषांतराचा असतो. मुलाने दिवसभरात घडलेली एखादी गोष्ट मराठीत पाच ओळींत लिहायची, मग त्याच पाच ओळींचे इंग्रजी करायचे. शिक्षक त्यावर खुणा करतात, मूल ते पुन्हा लिहिते. आठवड्यातून एकदा उलट क्रम असतो. इंग्रजी उतारा मराठीत आणायचा. कोणी कोणाला हसायचे नाही, हा एकच नियम आहे. प्रगती सावकाश आहे, परंतु आता वह्यांत मुलांच्या स्वतःच्या ओळी दिसतात. कोणी विहिरीवरच्या मोटरीविषयी लिहितो, कोणी आईच्या कोयत्याविषयी, कोणी अकलूजच्या घोडेबाजाराविषयी.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की वर्षातून एखादी संध्याकाळ या अर्ध्या तासासाठी काढावी. आपण कोठे नोकरीला आहात, किती मोठे झालात, हे सांगण्याबरोबर आपले पहिले इंग्रजी वाक्य कसे चुकले होते, हेही मुलांना सांगावे. जुने शब्दकोश, वाचून झालेली पुस्तके आमच्याकडे द्यावीत. पालकांना सांगणे असे, की इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलाला काही शिकवू शकत नाही, असे मानू नये. मूल सुट्टीला घरी आले की त्याला जवळ बसवावे आणि इंग्रजीच्या पुस्तकात काय वाचलेस ते मला आपल्या बोलीत सांग, एवढेच म्हणावे. त्याने सांगितलेले आपल्याला कळले, तर त्याला ते समजले आहे. कळले नाही, तर त्याला पुन्हा वाचायला सांगावे. सुभेदारांची शिकवणी एवढ्याने आपल्याही घरी सुरू होते. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. मुलापाशी बसायला थोडा वेळ काढावा लागतो.

जूनमध्ये ओट्यावर आवाज उतरवून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे. येईल. वेळ लागेल, वही पुष्कळदा परत मिळेल, पण येईल. आणि पुढच्या वर्षी हा प्रश्न आपण मोकळ्या आवाजात विचारावा, एवढीच आमची इच्छा आहे.

सर्वांना सविनय जय भीम.